स्थिर संहिता आणि भंडाऱ्याचे मतदान

साहित्याच्या वर्गात ‘संहिता’ हा शब्द आम्ही रोज वापरतो. संगणकशास्त्रातही प्रोग्रामच्या ज्या भागात केवळ आज्ञा असतात त्याला ‘टेक्स्ट’ असेच नाव आहे, हे मात्र आपल्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. अशा संहितेला दोन प्रश्न विचारता येतात. चालू असताना ती स्वतःतच फेरफार करते काय? आणि तिचे एक वाचन अर्ध्यावर असताना दुसरे सुरू झाले, तर पहिले बिघडते काय? या दुसऱ्या कसोटीस उतरणाऱ्या संहितेला ‘रीएन्ट्रन्ट’ म्हणतात. आम्ही तिला पुनःप्रवेशक्षम म्हणू.

हे दोन्ही गुण एकच, असा समज सहज होतो. १९६५ च्या पीडीपी-८ संगणकात उपप्रोग्रामला हाक मारली की परतीचा पत्ता त्याच उपप्रोग्रामच्या पहिल्या जागी लिहिला जाई; दुसरी हाक येताच पहिला पत्ता पुसला जाई. तेथे दोन्ही दोष एकत्र नांदत होते. पण इंटेलचा १९८० चा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर पाहावा. आज्ञांची स्मृती वेगळी, आकड्यांची वेगळी. चालू प्रोग्रामला आपल्या आज्ञा बदलताच येत नाहीत. तरीही आतील कामाची स्मृती अवघी १२८ बाइट. म्हणून त्याचा बहुप्रचलित सी कंपायलर, वेगळी सूचना न दिल्यास, फंक्शनच्या तात्पुरत्या नोंदींसाठी एकच ठरलेली जागा राखतो. मध्येच इंटरप्ट येऊन तेच फंक्शन पुन्हा सुरू झाले की आधीच्या नोंदी गेल्या! नाटकाची छापील प्रत शाबूत. पण दोन मंडळ्यांनी आपापल्या खुणा एकाच वहीच्या एकाच पानावर केल्या, त्यातला हा प्रकार.

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट यंत्रे बंद पडली आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान झाले. यंत्र आपला प्रोग्राम आपणच बदलते काय, ही शंका पानठेल्यावर ऐकू येते. तिला ठरलेले उत्तर मिळते : प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरमध्ये एकदाच कोरलेला असतो. उत्तर सयुक्तिक आहे, पण ते पहिल्याच प्रश्नाचे. कोरलेली संहिता काय आहे आणि बाहेरून आलेल्या सामग्रीशी ती कशी वागते, हे त्यातून कळत नाही. व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे तर प्रत्येक निवडणुकीत नव्याने भरली जातात.

यंत्रात घोटाळा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी पाठचिकित्सेची आहे. प्रत बदललेली नाही अशी ग्वाही प्रकाशकाने द्यावी आणि प्रत वाचावयास मात्र देऊ नये, हे आपल्या क्षेत्रात कोणी मान्य करील काय? २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना लेखी अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची कोरलेली स्मृती तपासून घेण्याची मुभा दिली. तपासणार मात्र यंत्रनिर्मात्यांचेच अभियंते.