‘विसरले’ हा शब्द जपून वापरा

१/ ‘कोकणातील बेने इस्रायल आपला धर्म विसरले होते, बाहेरच्या गुरूंनी तो त्यांना पुन्हा शिकविला.’ हे विधान आपण किती सहज पुढे पाठवितो!

२/ योम किप्पुर हा तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशीचा प्रायश्चित्ताचा उपवास. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’नी त्याला नाव दिले ‘दारफळणीचा सण’. दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून ते दिवसभर घरातच राहत.

३/ मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये उभे राहिले. त्याआधी दार लावलेले घर हेच प्रार्थनास्थळ होते. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एक भेद दाखविला आहे: मराठी नावांचे सण जुने, ‘रोजा’सारखी नावे असलेले नंतरचे. दारफळणी शिकवणुकीतून आली असती, तर शिकविणाऱ्याच्या भाषेची खूण तिच्या नावात उरली असती.

४/ ‘विसरले’ या शब्दाची किंमत या समाजाने मोजली आहे. १९६० च्या दशकात इस्रायलच्या धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी मागितली. आंदोलने झाली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हटले.

५/ ग्रंथ हाती नसणे निराळे, धर्म विसरणे निराळे. इतिहास लिहिणाऱ्याने तरी हा फरक पाळावा.