टेस्टिंगला पास, प्रॉडक्शनला नापास

केमिस्टकडे कंडोम मागताना आपली सगळी शक्ती आवाज खाली ठेवण्यात जाते. काउंटरवरचा पोऱ्या काळ्या पिशवीत घालून देईल ते घ्यायचं आणि सटकायचं. बिस्किटाच्या पुड्यावरच्या कॅलरी वाचणारे आपण, हे पाकीट मात्र कधी उलटं करून बघत नाही. बघावं. कारण एखाद्या पाकिटावर 'स्पर्मिसायडल ल्युब्रिकंट' अशी ओळ सापडते, म्हणजे वंगणात शुक्राणुनाशक मिसळलेलं आहे. कुणालाही वाटेल, वा, संरक्षण डबल!

तर मंडळी, तसं काही होत नाही.

हे शुक्राणुनाशक म्हणजे बहुतेक वेळा नॉनॉक्सिनॉल-९. जात म्हणाल तर डिटर्जंटची. शुक्राणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, डिटर्जंट ते फोडतो, शुक्राणू खलास. एचआयव्हीच्या विषाणूलाही असंच स्निग्ध आवरण असतं. १९८०च्या दशकात टेस्टट्यूबमध्ये दोघांची गाठ घालून दिली तर विषाणूही मेला. सगळे खूश. मग आरोग्यक्षेत्रातली जाणती मंडळीही हे वापरा म्हणून सांगू लागली. लॉजिक बिनतोड होतं हो!

फक्त टेस्टट्यूब काचेची असते. माणसाच्या पेशींनाही स्निग्ध आवरणच असतं आणि डिटर्जंटला घरचा कोण नि चोर कोण हे कळत नाही. वारंवार वापरलं की योनीचं अस्तर सोलवटतं, बारीक जखमा होतात, आणि विषाणूला आयता दरवाजा मिळतो. गुदाशयाचं अस्तर तर पेशींच्या एकाच थराचं, तिथे नुकसान काही मिनिटांत दिसतं.

हे पक्कं कळलं ते एका मोठ्या चाचणीतून. बेनिन, कोत द'इव्होआर, दक्षिण आफ्रिका आणि थायलंड इथल्या शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना कंडोम तर दिलेच, शिवाय अर्ध्याजणींना नॉनॉक्सिनॉलचं जेल आणि अर्ध्याजणींना साधं जेल. निष्कर्ष जुलै २००० मध्ये डर्बनच्या एड्स परिषदेत जाहीर झाले, २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. नॉनॉक्सिनॉलवाल्या ३७६ जणींपैकी ५९ जणींना एचआयव्हीची लागण झाली, साध्या जेलवाल्या ३८९ पैकी ४५ जणींना. दिवसाला सरासरी साडेतीन वेळांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांमध्ये धोका जवळजवळ दुप्पट.

आपल्याकडे टेस्टिंगला पास झालेला कोड प्रॉडक्शनला आडवा होतो तेव्हा रात्री दोनला फोन येतो, शिव्या बसतात, रोलबॅक होतो. इथे रोलबॅक नव्हता. त्या बायकांकडे गिऱ्हाइकाला कंडोम लाव म्हणायची ताकद नेहमी नसते, म्हणून तर स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी शोधलं जात होतं. हेतू चांगलाच होता. पण चाचणी झाली नसती तर हेच जेल 'एड्सपासून संरक्षण' म्हणून वाटलं गेलं असतं, हा विचार अंगावर येतो. उपयोग नाही एवढंच कळणं वेगळं आणि उलट अपाय होतोय हे कळणं वेगळं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने असे कंडोम पुरस्कृत करू नका म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २००७ मध्ये अशा जेल-फोमवर 'एचआयव्हीपासून संरक्षण नाही, धोका वाढू शकतो' असा इशारा सक्तीचा केला. गंमत म्हणजे कंडोमवर हे रसायन इतकं थोडं असतं की गर्भनिरोधक म्हणूनही जास्तीचा फायदा सिद्ध झालेला नाही. बायकांना लघवीच्या इन्फेक्शनचा त्रास मात्र वाढतो. म्हणजे फीचर कागदावरचं आणि बग खरा.

मग कोरडंच वापरायचं का? मुळीच नाही, कोरडा कंडोम फाटण्याची भीती जास्त. साधा सिलिकॉनचं वंगण लावलेला कंडोम उत्तम. वरून लागलंच तर पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं ल्युब्रिकंट घ्या. खोबरेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल ही कपाटातली मंडळी कपाटातच राहू देत. लेटेक्स तेलाने काही मिनिटांतच कमकुवत होतं.

आणि शनिवारी रात्री साडेअकराला घरात नेमकं स्पर्मिसायडलवालंच पाकीट निघालं तर? तर तेच वापरा. कंडोमशिवाय जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पुढचं पाकीट घेताना मात्र काउंटरवरच उलटं करून वाचा, पोऱ्या बघेना का.