भुताची दोरी

उत्तम चित्रपट घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. परंतु भुताखेतांचे व परग्रहवासीयांचे जे चित्रपट अगदीच रद्दी म्हणून गाजले आहेत, तेही कुटुंबाने मुद्दाम एकत्र बसून पाहावेत, असे सुचविले तर कित्येक सुज्ञ वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती खुशाल पडावी. मात्र निकाल देण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे.

शिरूर व दौंड या आमच्याकडच्या तालुक्यांना ही करमणूक नवी नाही. एकीकडे घोडनदी, दुसरीकडे भीमा, मध्ये उसाचे फड, आणि उन्हाळा लागला की गावोगाव भरणाऱ्या जत्रा! या जत्रांतून तमाशाच्या कनातीशेजारी सिनेमाचाही तंबू पडे. पडद्यावर भूत आले की बायाबापड्या डोळ्यांवर पदर घेत आणि पोरे शिट्या घालीत. भीती व हसू यांची अशी सरमिसळ शहरातील थंडगार चित्रपटगृहांत क्वचितच आढळेल. पश्चिम महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंचा पडता काळ शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात टिपून ठेवला आहे.

हिंदी भयपटांचे मोठे कारखानदार म्हणजे रामसे बंधू. त्यांच्या वडिलांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. पुढे मुंबईस आल्यावर त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा चित्रपट काढला. तो पडला; परंतु त्यातील मुखवटा चढविलेल्या पृथ्वीराज कपूरांचा एक प्रवेश मात्र लोकांना भारी आवडला. एवढ्या धाग्यावरून सात भावांनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरास जाऊन चित्रित केला. कोणी कथा लिहावी, कोणी कॅमेरा धरावा, कोणी ध्वनी सांभाळावा! एकत्र कुटुंबाच्या कर्तबगारीचे हे उदाहरण आमच्या वाचकांस खचितच रुचेल. ‘पुराना मंदिर’ (१९८४) तर तुफान चालला. तथापि तांबडा-हिरवा उजेड, धुराचे लोट आणि राक्षसाच्या तोंडावरील रंगाचे थर पाहून आज घरातील शाळकरी पोरही हसते.

या बाबतीत अमेरिकाही मागे नाही. एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५९) हा चित्रपट, १९८० साली मेडव्हेड बंधूंनी काढलेल्या एका पुस्तकात, आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरला. त्यातील उडत्या तबकड्या ज्या तारांना टांगल्या आहेत, त्या तारा स्पष्ट दिसतात. बेला लुगोसी हे प्रसिद्ध नट १९५६ साली वारले, तेव्हा त्यांच्या जागी दिग्दर्शकाने आपल्या पत्नीच्या हाडवैद्यास उभे केले. आणि चेहरा जुळेना म्हणून तो बिचारा चित्रपटभर झग्याने तोंड झाकून हिंडतो!

आता मुद्द्याची गोष्ट. कुशल कलावंत आपली दोरी लपवितो. अडाणी कलावंताची दोरी उघडी पडते. आणि मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही उघडी पडलेली दोरीच मोलाची आहे. भूत कसे उभे केले, रक्त कशाचे, धूर कोठून आला, हे प्रश्न मुलास उत्तम चित्रपटापेक्षा वाईट चित्रपटच अधिक सहज सुचवितो. ‘झपाटलेला’ (१९९३) पाहून दचकलेल्या मुलास तो बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा आहे, एवढे सांगितले की त्याच्या भयाचे रूपांतर कुतूहलात होते.

पडद्याबाहेरचे भगत व मांत्रिक मात्र आपली दोरी दिसू देत नाहीत. ती दाखविण्याचे काम डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी गावोगाव प्रयोग करून केले. नारळ आपोआप पेटतो, कारण त्याच्या शेंडीत सोडियम दडविलेले असते व वरून ‘तीर्थ’ शिंपडले जाते. अंगावर तांबडे ‘रक्त’ उमटते, कारण हळदीला चुना लागतो. आणि हा गुण तर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे त्या कायद्याने गुन्हे ठरले.

उसाच्या पट्ट्यात हा काही पुस्तकी प्रश्न नव्हे. रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसास घोणस अथवा मण्यार चावली, तर भगताच्या ओट्यावर गेलेला तास प्राणघातक ठरतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारी लस रुग्णालयात मिळते, मंत्रात नाही. अशा वेळी घरातील निर्णय ग्रंथ उघडून होत नसतो. लहानपणापासून मनास जे वळण लागलेले असते, तेच त्या घटकेस उपयोगी पडते.

म्हणून आमची सूचना अशी. अगदी लहान मुलांस हे चित्रपट दाखवू नयेत. त्यांची झोप आपल्या विनोदापेक्षा महत्त्वाची आहे. जाणत्या मुलांस आजी-आजोबांसमवेत बसवावे, दिवा चालू ठेवावा आणि ‘हे कसे केले असेल?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारू द्यावा. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. या चित्रपटांत अखेरीस बहुधा त्रिशूळ किंवा मांत्रिकच धावून येतो, आणि हडळ म्हणून जी उभी केली जाते ती पुष्कळदा कोणी तरी छळलेली बाईच असते. तेथे हसू आवरून दोन शब्द बोलावेत. घरातील एखादी सून अथवा विधवा आजारी पडली, गप्प राहू लागली, तर तिला ‘बाहेरचे’ झाले असे म्हणण्यापूर्वी डॉक्टरांस बोलवावे, हे मुलांनी त्याच बैठकीत ऐकलेले बरे.