घरातल्या भांड्याकुंड्यांचा विमा

विमा म्हटला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच नाव घेतले जाते, ते म्हणजे एलआयसी. आपल्या समाजातले कितीतरी शिकलेले तरुण, शिक्षक, रेल्वे-पोस्टातले कर्मचारी एलआयसीचे एजंट झाले. नात्यागोत्यात, विहारात, जयंती मंडळात पॉलिस्या गेल्या. वीस वर्षे हप्ते भरले, शेवटी मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या स्लॅबला पैसे हाती आले. त्यामुळे विमा म्हणजे बचत आणि बचत म्हणजे परत मिळणारा पैसा, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसले. घरातल्या सामानाचा विमा या समीकरणात बसत नाही. त्याचा हप्ता वर्षाला जातो आणि काही घडले नाही तर तो गेला तो गेलाच. म्हणूनच हा विषय निघाला की घरातली ज्येष्ठ मंडळी विचारतात, "काय मिळणार त्यातून?" आणि चळवळीतला कार्यकर्ता म्हणतो, "भांडवलदारांचे धंदे, आपल्याला काय करायचे?"

दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हवे. आधी दुसऱ्या प्रश्नाचे देतो, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याने बाबासाहेब पुरते वाचलेले नाहीत.

१९४७ साली प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हा त्यातला भाग आपल्याला भाषणांतून माहीत आहे. त्याच कलमात विम्याबद्दलही लिहिलेले आहे, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात जीवन विमा काढणे राज्याने सक्तीचे करावे, असे बाबासाहेबांनी मांडले होते. कारणेही दिली होती. खासगी कंपनीपेक्षा राज्य माणसाला जास्त सुरक्षितता देऊ शकते, कारण राज्याची सगळी साधनसंपत्ती त्या विम्यामागे तारण असते. शिवाय विम्यातून जमणारा पैसा राज्याला स्वतःच्या आर्थिक नियोजनासाठी वापरता येतो, चढ्या व्याजाने बाजारातून कर्ज काढावे लागत नाही. म्हणजे विमा ही गोष्ट बाबासाहेबांना परकी नव्हती. त्यांचा आक्षेप विमा कोणाच्या हातात आहे याला होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५६ च्या सप्टेंबरात, बाबासाहेबांच्या हयातीतच, जीवन विमा महामंडळ उभे राहिले. आग, पूर, चोरी, अपघात या सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७३ पासून झाले आणि चार सरकारी कंपन्या आल्या. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले. २०२१ मध्ये परदेशी भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेली गेली आणि त्याच वर्षी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांतला सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली नेण्याची वाटही कायद्याने मोकळी केली. बाबासाहेबांनी जे सांगितले होते त्याच्या नेमक्या उलट दिशेचा हा प्रवास आहे. त्याच्याविरुद्ध बोलले पाहिजे, लढले पाहिजे. पण तो लढा चालू असताना तुमच्या खोलीत पाणी शिरले तर फ्रीज कोण भरून देणार, हा प्रश्न उरतोच.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईतल्या आपल्या माणसांना वेगळा सांगायला नको. सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीच्या काठावर कुर्ला, कलिना भागात तळमजल्याच्या खोल्यांत माणसाच्या डोक्यावर पाणी गेले. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला गाद्या, टीव्ही, शिलाई मशिनी, भिजलेल्या गव्हाची पोती यांचे ढीग लागले आणि महापालिकेच्या गाड्यांनी ते उचलून नेले. हप्त्यावर घेतलेली वस्तू कचऱ्यात गेली, हप्ता मात्र चालूच राहिला. त्यानंतर २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण याच अनुभवातून गेले. पाणी जात पाहून शिरत नाही असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. गावातली उंचवट्याची जागा कोणाकडे आणि ओढ्याकाठची सखल जागा कोणाकडे, हे गावाने शेकडो वर्षांपूर्वी ठरवून टाकले आहे आणि पाणी त्या वाटपाप्रमाणेच चालते.

सरकारी मदत किती मिळते? आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ नंतरच्या निकषांत पूरग्रस्त कुटुंबाला कपड्यांसाठी २५०० आणि भांड्यांसाठी २५०० रुपये आहेत. राज्य सरकार कधी त्यात भर घालते. २०१९ च्या पुरात ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार दिले गेले. तेवढ्यात वाहून गेलेला सगळा संसार पुन्हा उभा राहत नाही.

आता पहिला प्रश्न, काय मिळणार त्यातून. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. कंपनी कोणतीही असो, मूळ शर्ती त्याच. आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि खोडसाळपणे केलेले नुकसान हे सगळे तिच्यात येते. घराच्या इमारतीचा विमा घेतला तर सामानाला वेगळी यादी न देता इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळते. घर भाड्याचे असेल तर फक्त सामानाचा विमाही घेता येतो. ही गोष्ट भाडेकरूंना कोणी सांगत नाही. घरफोडी मात्र मूळ पॉलिसीत येत नाही. आग-पुराच्या घटनेमुळे सात दिवसांत चोरी झाली तरच ती धरली जाते. दागिन्यांसाठी वेगळे कलम जोडावे लागते. ही जोडकलमे घेतली नाहीत तर तीन-चार लाखांच्या सामानाचा हप्ता वर्षाला काही शेकड्यांतच राहतो. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, घराच्या विम्यावरचा मात्र तसाच ठेवला. का, ते सरकारलाच ठाऊक.

आमचे मत विचाराल तर ते असे आहे. जी वस्तू गेली तर महिन्याच्या पगारातून पुन्हा घेता येईल, तिच्यासाठी विमा काढू नका. मोबाईल, मिक्सर यांच्यावर दुकानदार जो विमा गळ्यात मारतो तो तर अजिबात नको. पण सगळेच सामान एका रात्रीत गेले तर सावकाराच्या किंवा मायक्रोफायनान्सवाल्याच्या दारात उभे राहावे लागेल, अशी स्थिती असेल तर वर्षाला हे काही शेकडे भरावेत. ते परत मिळत नाहीत म्हणून बुडाले असे समजू नये. जयंतीच्या वर्गणीइतकी ही रक्कम आहे. चाळीत, तळमजल्यावर, नदी-नाल्याकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने पूर-आगीचे मूळ संरक्षण घ्यावे, दागिन्यांचे आणि घरफोडीचे जोडकलम सोडून द्यावे. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या दोन पगारांच्या कुटुंबाने ठरवले की आपण बँकेत पैसे ठेवू, विमा नको, तर तेही चूक नाही.

ज्यांनी घरासाठी कर्ज काढले आहे त्यांनी कपाटातली पॉलिसी बाहेर काढून आजच वाचावी. कर्ज देताना बँकेने जो विमा घ्यायला लावला तो बहुधा इमारतीचा असतो, बँकेचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून. सामानाचा शब्द त्यात आहे की नाही ते बघा. कित्येकांना वाटते की आपला विमा आहे, आणि पाणी आल्यावर कळते की विमा भिंतींचा होता. बँकेने सुचवलेल्याच कंपनीकडून घ्या अशी सक्तीही बँकेला करता येत नाही. घरात शिलाई मशीन, इस्त्रीचे टेबल, पापड-मसाल्याचे यंत्र यांवर कमाई होत असेल तर ते एजंटाला आधी सांगावे आणि लेखी घ्यावे. घरगुती सामानाच्या पॉलिसीत धंद्याचे सामान नाकारायला कंपनीला निमित्त पुरते. पावसाळाभर भिंतीतून झिरपलेल्या ओलीलाही कंपनी पूर मानत नाही.

नुकसान झाले तर सामान फेकण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी कळवा, तलाठी किंवा महापालिकेच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. एवढ्या माहितीअभावी आपली माणसे हक्काचे पैसे सोडून देतात.

पॉलिसीत दंगल हा शब्द आहे, त्याबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण आपली घरे पाण्याने जातात तशी माणसांच्या हातूनही गेली आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धवाड्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे, जनार्दन मेवाडे शहीद झाले. हजारो माणसे अंगावरच्या कपड्यानिशी गाव सोडून निघाली. त्या घरांतल्या एकाही हंड्याचा विमा नव्हता. आज एखाद्या वस्तीत असे घडले आणि कोणाकडे पॉलिसी असली तर कंपनीला पैसे द्यावे लागतील. पण इथेच सावध राहायचे. जळालेल्या घराच्या कागदावर 'शॉर्टसर्किटने आग' असे लिहून देण्याचा आग्रह होतो. पोलीस पाटील सांगतो, हवालदार सांगतो, कधी आपलाच कोणी सांगतो की, भाऊ, असे लिहा, विम्याचे पैसे लवकर सुटतील. तसे लिहू नका. आग अपघाताची असो की कोणी लावलेली, नुकसान पॉलिसीत येतेच. पण 'अपघात' हा शब्द एकदा कागदावर गेला की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा खटला तिथेच मेला. राहते घर पेटवून देण्याच्या गुन्ह्याला त्या कायद्यात जन्मठेप आहे. आणि त्याच कायद्याच्या नियमांनुसार जाळलेल्या घराच्या जागी विटांचे किंवा दगडाचे पक्के घर सरकारी खर्चाने बांधून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. विम्याचा चेक हातात पडला म्हणून सरकार त्या कर्तव्यातून सुटत नाही, हे जिल्हाधिकाऱ्याला ठणकावून सांगायला हवे.

राहिला प्रश्न ज्यांच्या घराला भिंतच नाही त्यांचा. विम्याच्या अर्जात भिंती कशाच्या, छप्पर कशाचे हे विचारतात. ताडपत्री आणि पत्रा असे लिहिणाऱ्याकडे एजंट दुसऱ्यांदा फिरकत नाही. खरी गरज त्यालाच आहे. असे करता येत नाही असेही नाही. १९८८ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना आणली होती. झोपडी जळाली तर १००० रुपये आणि आतल्या सामानाचे ५००, आणि हप्ता सरकारने भरायचा. रक्कम तुटपुंजी होती, पण झोपडीतल्या सामानालाही किंमत असते हे सरकारने एकदा मान्य केले होते. २००५ च्या सूक्ष्म विमा नियमांतही झोपडी आणि अवजारांचा उल्लेख आला. आज २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा सरकार देते, म्हणजे माणूस मेला तर पैसे आहेत. तो जगला आणि त्याचा संसार वाहून गेला तर त्याच धर्तीची योजना नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी स्मारकांच्या मागणीबरोबर ही मागणीही सभागृहात मांडावी. राज्याने हप्ता भरून वस्तीच्या वस्ती विम्याखाली आणणे हे १९४७ च्या त्या निवेदनाच्या जवळ जाणारे पाऊल ठरेल.

आणखी एक गोष्ट, जिची भरपाई कोणतीच कंपनी देत नाही. आपल्या प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या वेळचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा एखादा पुरावा त्यात असतो. मुलाच्या जात पडताळणीला तोच कागद लागतो. पुरात टीव्ही गेला तर टीव्ही येतो, तो कागद गेला की मुलाची जागा जाते आणि पुढची चार वर्षे समितीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात. त्या पेटीतल्या प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती काढून एक संच गावी भावाकडे आणि एक संच वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातेवाईकाकडे ठेवावा, फोनमध्ये फोटो ठेवावेत. ज्या विहारात संगणक आहे तिथल्या तरुणांनी पावसाळ्याच्या आधी एक रविवार काढून वस्तीतल्या सगळ्या पेट्यांचे हे काम करून द्यावे. खर्च झेरॉक्सपुरता येईल.