मातीच्या लेपाआडची समीक्षा

अल्पखर्ची चित्रपटांविषयी लिहिताना समीक्षेने एक सोयीस्कर प्रथा पाडून घेतली आहे. चित्रपट किती दिवसांत आणि किती पैशांत पुरा झाला एवढे सांगितले, की मूल्यमापनाचे कर्तव्य पार पडले असे मानले जाते. रॉजर कॉर्मन यांचा ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९) हा अमेरिकन विनोदी चित्रपट या प्रथेचा ठळक बळी होय. ५ दिवसांचे चित्रीकरण, सुमारे ५०,००० डॉलरांचा खर्च आणि ६६ मिनिटांची लांबी या आकड्यांतच त्याची चर्चा बहुधा संपते. चार्ल्स ग्रिफिथ यांची पटकथा काय म्हणते, याकडे कोणी वळत नाही. कारण तिच्या उपरोधाचे खरे लक्ष्य समीक्षक हेच आहे.

बीट कवी-कलावंतांच्या कॉफीगृहात वॉल्टर पेस्ली (डिक मिलर) हा उष्टी भांडी उचलणारा पोऱ्या आहे. घरमालकिणीचे मांजर त्याच्या हातून चुकून मरते. तो त्यावर माती थापतो आणि ‘शिल्प’ म्हणून ते लोकांपुढे ठेवतो. वाहवा होते, मागणी वाढते आणि मातीखाली माणसे जाऊ लागतात.

चित्रपटाचा आरंभ मॅक्सवेल ब्रॉक या कवीच्या काव्यवाचनाने होतो. सर्जन तेवढे खरे, उरलेले सारे जीवन हे सर्जकाचे खाद्य, असा त्या कवितेचा आशय आहे. श्रोते दाद देतात आणि आपल्या गप्पांकडे वळतात. कविता मनात साठवतो तो वॉल्टर. तिचा वाच्यार्थ प्रमाण मानतो तोही वॉल्टरच. ब्रॉकच्या लेखी जी केवळ शब्दांची आतषबाजी आहे, ती या पोऱ्याच्या लेखी आचारसंहिता ठरते. मांजराचा मृत्यू अपघाताने होतो, वेषांतर केलेल्या पोलिसाचा घाबरगुंडीतून. मॉडेल असलेल्या ॲलिसचा मात्र थंडपणे, ठरवून. अपघात आणि योजना यांच्या मधल्या अवकाशात जे घडते, ते म्हणजे समीक्षा. वॉल्टरजवळ हेतू नव्हता; तो त्याला प्रशंसेने पुरवला.

हे न पाहण्यासाठी सिद्धान्तांचा आधार सहज मिळतो. १९६४ साली सूझन सॉन्टॅग यांनी ‘कॅम्प’ अभिरुचीचे विवेचन केले. तेव्हापासून अशा कलाकृतींकडे फसलेल्या गांभीर्याची गंमत म्हणून पाहणे प्रतिष्ठित झाले. परंतु हा चित्रपट फसलेला नाही. त्यातला विनोद जाणूनबुजून केलेला आहे. त्याच वर्षी आर्थर डान्टो यांनी, वस्तूला कलेचा दर्जा तिच्याभोवतीच्या सिद्धान्तांच्या वातावरणामुळे मिळतो, अशी मांडणी केली. चित्रपटाला या मांडणीचा पूर्वसूरी ठरवण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी त्यामुळे त्याचा प्रश्न निसटतो. वस्तू कला कशी ठरते, हे येथे गौण आहे. ती कला ठरताच तिच्या आत काय आहे हे पाहणे लोक का थांबवतात, हा मुख्य प्रश्न आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. दाढीवाल्या कवींची टवाळी करून हा चित्रपट आधुनिक कलेविषयीच्या सामान्य तुच्छतेलाच खतपाणी घालतो, असे म्हणता येईल. काही व्यक्तिचित्रे स्वस्त आहेत, हे मान्यच करावे लागेल. तथापि, तेवढाच हेतू असता, तर कलेतले ढोंग ओळखणारा एखादा शहाणा व्यवहारी माणूस नायक झाला असता. येथील व्यवहारी माणूस म्हणजे कॉफीगृहाचा मालक लिओनार्ड. मातीतून डोकावणारे केस त्याला दिसतात. आणि पैशाचा वास लागल्यावर तो गप्प बसतो. कवींचे अज्ञान एक वेळ क्षम्य ठरेल. त्याचे ज्ञान ठरत नाही.

अखेरीस वॉल्टर गळफास घेतो. माती फासलेल्या त्या देहासमोर उभा राहून ब्रॉक त्यालाही शीर्षक सुचवतो आणि वॉल्टरची श्रेष्ठ कृती ठरवतो. ५ दिवसांच्या आख्यायिकेत रमणारा समीक्षक यापेक्षा वेगळे काय करतो? लेप किती स्वस्तात लावला, याचेच त्याला कौतुक. याउलट कार्ला पाहा. वॉल्टरची पहिली मनःपूर्वक स्तुती तिचीच. पण प्रदर्शनात एका पुतळ्यावरची माती झिजलेली दिसते, आतले बोट दिसते आणि ती ते बोलून दाखवते. आपण वाखाणलेल्या कृतीकडे पुन्हा पाहण्याचे हे धैर्य ज्या समीक्षेत नाही, तिने स्वतःला रसिकता म्हणवून घ्यावे. समीक्षा म्हणवून घेऊ नये.