तेलावरचं हेलिकॉप्टर

वेळापूरच्या एका दोस्ताचं पत्र आलंय. ‘मला तेलावर चालणारं रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायचंय. ऊस तुटला की आमचं रान मोकळंच असतं. सुरुवात कशी करू?’

शाब्बास! पण दोस्ता, आधी थोडी ओळख करून घे.

हे तेल म्हणजे पेट्रोल नव्हे. त्यात मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि वंगण असतं. वंगण म्हणून काहीजण चक्क एरंडेल घालतात! इंजिनाला ग्लो प्लग असतो. त्यातली प्लॅटिनमची बारीक तार दीड व्होल्टच्या सेलने लाल करायची. इंजिन सुरू झालं की सेल काढायचा. मिथेनॉल आणि प्लॅटिनमची गट्टी अशी, की तार पुढे आपोआप तापत राहते. मात्र मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. उन्हात त्याची ज्योतही नीट दिसत नाही. म्हणून बाटली मोठ्यांच्याच ताब्यात हवी.

आता एक गणित. पंख्याचा व्यास सव्वा मीटर, मिनिटाला १,७०० फेरे. टोकाचा वेग किती? वहीत मांडून बघ. ताशी सुमारे ४०० किलोमीटर येतो!

२०१३ मध्ये न्यूयॉर्कला रिमोटच्या हेलिकॉप्टरचा पंखा लागून १९ वर्षांचा तरुण दगावला. त्याला चांगला सराव होता. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एक तरुण स्वतः बनवलेल्या, माणूस बसेल अशा हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंखा तुटून गेला. दोघांकडे हौस होती, हुशारीही होती. पंख्याला ते कळत नाही.

मग सुरुवात कशी? आधी संगणकावर, सिम्युलेटरवर. तिथे शंभरदा पडलं तरी फुकट! मग जाणकार मोठा माणूस सोबत घे. उसाच्या बुडख्यांत पाय अडकतील, म्हणून सपाट पडीक रान बघ. हेलिकॉप्टरच्या पायांना आडव्या काठ्या बांध, म्हणजे ते कलंडणार नाही. शेपूट आपल्याकडे ठेवून, लांब उभं राहून, ते एका जागी तरंगत ठेवायला शीक. शेपटीच्या छोट्या पंख्यावर लक्ष असू दे. तो बंद पडला, तर सगळं धूड मोठ्या पंख्याच्या उलट दिशेला गरगरेल.

बघ्यांना दूर ठेव. २०२१ चे ड्रोन नियमही मोठ्यांकडून समजून घे. आणि माउलींची पालखी वेळापुरात मुक्कामाला असेल, त्या दिवशी हेलिकॉप्टर पेटीतच बरं!

गणिताचं उत्तर जुळलं का? कळव हं.