इंजिन बदलण्याआधी खोलून पाहा

पाव, अंडी, कापडाचे गठ्ठे मोटारसायकलवर लादून गावोगाव फिरणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांची गाडी जाम झाली की त्या दिवसापासून रोजी थांबते. मग घाईघाईत सल्ला मिळतो, "जुन्यात पैसे घालू नका, बाजारातून सेकंडहँड इंजिन आणून बसवा." हा सल्ला आम्हाला पटत नाही.

आधी इंजिन आपल्यासमोर खोलून घ्यावे. फोर-स्ट्रोक गाडी सतत निळा धूर सोडत असेल तर बहुधा रिंग, पिस्टन व बोअर झिजलेले असतात. लेथवाल्याकडून बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. ओव्हरसाइज पिस्टन टाकला की काम भागते. कनेक्टिंग रॉड गेला असेल तर खर्च वाढतो, तरी तो हिशेबात बसू शकतो. मात्र क्रँककेस फुटले, क्रँक व हेडही गेले, तर इंजिन बदलण्याचा विचार जरूर करावा.

पण स्वस्त इंजिन आतून कसे आहे, हे कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर आर.सी.वर नोंदलेला असतो. तो जुळला नाही तर पोलीस व विमा, दोन्हीकडे अडचण. माल चोरीचा निघाला तर गाडीही जाईल आणि अब्रूही. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि इंजिन बसवण्याआधी आर.टी.ओ.कडे जावे.

मेकॅनिक बांधवांनाही आमची विनंती आहे, खर्चाचा अंदाज कागदावर द्या, काढलेले भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. गॅरेज पान्यावर कमी, भरवशावर जास्त चालते.